कुपीतली जळकी चव

सोमवार, ९ जानेवारी

दवाखान्यातल्या नर्सने ही वही दिली. म्हणाली, सिगारेट सोडताना रोज दोन ओळी लिहाव्यात, तेवढाच हात गुंततो. मी म्हटलं, हात गुंतवायला मला शाळेच्या स्वयंपाकघरात अडीचशे पोरांचं जेवण आहे. पण वही घेतली.

चव्वेचाळीस वर्षं ओढल्या. माझ्या मुलीला, बेथला, मे महिन्यात बाळ होईल. ख्रिसमसला लीड्सहून आली तेव्हा जेवताना शांतपणे म्हणाली, "आई, अंगाला धुराचा वास असेल तर मी बाळ तुझ्या हातात देणार नाही." आणि वर, "बाबांनी नाही का सोडली? एका दिवसात. त्यांना ना कसलं यंत्र लागलं, ना काही."

ते खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला, क्लिफला, हृदयाचा झटका आला, आणि रुग्णालयातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने सांगितलं, संपलं, आता नाही. तेव्हापासून नाही. बेथ हे बोलत होती तेव्हा तो खाली मान घालून ताटातले बटाटे कापत बसला. कौतुक त्याला कधी सहन होत नाही.

माझ्यात ते धैर्य नाही. मी हालिनाच्या दुकानात गेले. पूर्वी लोकरीचं दुकान होतं तिथे, समुद्रकाठच्या प्रॉमनेडच्या मागच्या गल्लीत. तिने पेनाएवढी एक कांडी दिली, ई-सिगारेट. तिच्या टोकाला पुदिन्याच्या रसाची छोटी कुपी बसते. हालिना तिला कार्ट्रिज म्हणते, मी कुपीच म्हणणार. एका पाकिटात दोन कुप्या, प्रत्येक चांदीच्या कागदात घट्ट बंद. माझ्या बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली, कागद काही फाटेना. क्लिफ म्हणाला, आण इकडे. आता पाकिटं तोच उघडतो आणि कुप्या खिडकीतल्या टॉफीच्या डब्यात ठेवतो. मी फक्त उचलायची.

गुरुवार, १२ जानेवारी

चार दिवस झाले, एकही ओढली नाही. कुपीची चव स्वच्छ, थंड. शाळेत गाजराच्या सूपमध्ये मीठ जास्त झालंय हे मला आज वासावरून कळलं. जीभ परत येतेय.

शनिवार, २१ जानेवारी

सकाळी नवी कुपी लावली. पहिल्याच झुरक्याला घशात आग. इस्त्रीखाली कापड जळल्यासारखी चव. मी वीस वर्षं चुलीपुढे उभी आहे. जळलेलं काय ते मला कुणी शिकवू नये.

क्लिफला दिली हुंगायला. त्याने हुंगली, लगेच परत दिली. म्हणाला, हल्ली कुठल्या वस्तूला दर्जा राहिलाय?

त्या एका झुरक्यानंतर मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले होते. जुन्या ब्रँडचं पाकीट मागायला तोंड उघडलं आणि दूध मागितलं. घरी दूध होतंच.

सोमवार, २३ जानेवारी

हालिनाने कुपी मुकाट्याने बदलून दिली. सिगारेटसारखं ओढू नका, म्हणाली. जोरात ओढलं की आतला कापूस कोरडा पडतो आणि जळतो. हळू ओढा, गरम चहाचा घोट घेतल्यासारखं. मला तिची रीत आवडली. पन्नाशीची असेल. पोलंडहून येऊन अठरा वर्षं झाली, त्यातली दहा कोळंबी सोलण्यात गेली. त्यातून साठवून हे दुकान टाकलं.

बुधवार, १ फेब्रुवारी

आज कुपी गळली. ॲप्रनच्या खिशात चिकट डाग. हळूच ओढते, तरी तीच गत. चार कुप्यांतली एक चांगली, तीन वाईट.

क्लिफ मात्र खुशीत आहे. दिवसभर मागच्या शेडमध्ये असतो, जुने रेडिओ दुरुस्त करतो. बॉयलर दुरुस्त करणारे हात, त्यांना रिकामं बसवत नाही. निवृत्तीचा कंटाळा एकदाचा सरला म्हणायचा. घरात येतो तेव्हा तोंडात पेपरमिंटची गोळी असते. पूर्वी रोज सकाळी दगडी धक्क्यापर्यंत फिरायला जायचा, तेही बंद केलंय. डॉक्टर रागावतील, म्हटलं तर नुसता हसला.

रविवार, १२ फेब्रुवारी

क्लिफ आज लीड्सला गेला, बाळाची खोली रंगवायला. आठवडाभर तिथेच. बेथने फोन करून सांगितलं, बाबा पोचले, आणि शिडीवर चढून किती तरुण दिसताहेत. सिगारेट सोडल्याचा फरक आई, बघ ना.

मी बघितलं नाही. फोनवर कसं बघणार?

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

शाळेला सुट्टी. सगळा आठवडा मासे साफ करायच्या कात्रीने पाकिटं फोडली. पाच दिवस, तीन कुप्या, तिन्ही उत्तम. कंपनीला कुणीतरी तक्रार केली असावी, सुधारणा झाली एकदाची.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

पॅनकेकचा दिवस, ईस्टरच्या उपवासाआधीचा. शाळेत पाचशेच्या वर पॅनकेक घातले. मधल्या वेळी अंगणात जाऊन झुरका घेतला आणि पुन्हा ती जळकी चव. आधी मला वाटलं तवाच करपला. धावत आत जाऊन एकेक तवा तपासला. तवे ठीक होते.

सुधारणा चार दिवस टिकली म्हणायची. क्लिफ रविवारी आलाय. त्याला सांगितलं तर म्हणाला, एखादा वाईट माल आला असेल. आणि मग, "तुला फार त्रास होतोय का गं?" असं दोनदा विचारलं. हे त्याच्या स्वभावातलं नाही. काळजी करायला लागलाय माझी.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तीन वाईट कुप्या रुमालात गुंडाळून हालिनाकडे गेले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तिने भिंग घेतलं, एकेक कुपी खिडकीकडे धरून फिरवली. मग म्हणाली, "ही उघडलेली आहे."

मी म्हटलं, उघडलेली म्हणजे?

"झाकणाच्या कडेला ओरखडे आहेत. कुणीतरी पातळ पात्याने उचकटलंय. आत माझा रस नाही, हा पिवळट आहे. आणि खालचा नंबर बघा. ह्या नंबरचा माल जानेवारीत संपला. तुम्ही गेल्या आठवड्यात घेतलेल्या कुप्या ह्या नाहीत."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी फक्त एवढंच म्हणते, ही माझ्या दुकानातून अशी गेली नाही."

त्या दोन गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बघितलं. दोघांपैकी एकीची मुलगी आमच्या शाळेत जेवते. मी रुमाल उचलला आणि बाहेर पडले. वापरलेल्या कुप्या गोळा करायच्या, कुठला तरी स्वस्त रस भरायचा, परत विकायच्या, आणि विचारलं की गिऱ्हाइकालाच चोर ठरवायचं. आता सगळं कळलं.

शनिवार, २५ फेब्रुवारी

गावाच्या ऑनलाइन गटावर लिहिलं. नाव घेऊन लिहिलं. फोटोही टाकले. 'सात आठवड्यांत अकरा कुप्या जळक्या किंवा गळक्या निघाल्या. दुकानदारबाई स्वतःच कबूल करतात की त्या उचकटलेल्या आहेत. आपल्या फुप्फुसांत काय जातंय ते तपासा.'

क्लिफला वाचून दाखवलं. तो चहाचा कप धरून उभा होता. म्हणाला, "जाऊ दे ना गेनर. दुकान बदल. लिहितेस कशाला?"

मी म्हटलं, तू एका दिवसात सोडलीस, तुला काय कळणार? मी रोज ह्या कुपीच्या आधाराने उभी राहते, आणि तो आधारच कुणीतरी विष करून विकतंय.

त्याने कप तसाच खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. फार मऊ माणूस आहे, भांडण म्हटलं की त्याला नकोच.

सोमवार, २७ फेब्रुवारी

एकशे चाळीस लोकांनी उत्तरं लिहिली. मला वाटलं नव्हतं इतके लोक माझ्यासारखेच हैराण असतील. कुणाची कुपी गाडीच्या सीटवर गळली, कुणाला दुसऱ्या दिवशीच साबणाची चव आली. एका माजी बस ड्रायव्हरने लिहिलं की बाजारातून घेतलेल्या एका कुपीने त्याला पुन्हा सिगारेटवर नेलं, आणि नंतर बायको गेली तेव्हा तो बाहेर ओढत उभा होता. ते वाचून मी फोन बाजूला ठेवला.

त्याखाली मात्र वेगळी उत्तरं होती. हे लोक असलंच काही आणणार. परत पाठवा तिला.

असं मी लिहिलं नव्हतं. पण माझ्याच ओळींच्या खाली ते लिहिलंय, माझ्याच फोटोच्या खाली. काढून टाकावं का, असं मनात आलं. मग वाटलं, मी खरं तेच लिहिलंय.

शनिवार, ४ मार्च

कुणीतरी काल हालिनाच्या दुकानाच्या काचेवर लाल रंगाने लिहून ठेवलं. काय ते इथे लिहीत नाही.

क्लिफने ऐकलं आणि शेडमधून बादली, घासणी, टर्पेंटाइन घेऊन निघाला. मी म्हटलं, तू कशाला? म्हणाला, कुणीतरी जायला हवं. तीन तासांनी आला. हाताची कातडी लाल. जेवला नाही. ती काय म्हणाली विचारलं तर म्हणाला, काही नाही, चहा दिला.

एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाशी मी चाळीस वर्षं संसार करतेय. माझे पाय वळले नसते त्या गल्लीत.

गुरुवार, ९ मार्च

क्लिफ परत लीड्सला गेला. पाळणा जोडायचाय, रविवारी येईल.

शनिवार, ११ मार्च

दुसऱ्या दुकानातून आणलेलं पाकीट परवा कात्रीने फोडलं. त्यातल्या दोन्ही कुप्या छान. थंड, स्वच्छ.

रविवार, १२ मार्च

सकाळी पाऊस होता म्हणून वही घेऊन बसले. नर्सला मंगळवारी दाखवायची आहे, म्हटलं वाईट कुप्यांच्या तारखा एका कागदावर उतरवून काढाव्यात. उतरवल्या. चांगल्या दिवसांच्या दुसऱ्या बाजूला.

चांगले दिवस म्हणजे अगदी सुरुवातीचे काही, आणि क्लिफ घरात नसतानाचे. दुकान कुठलंही असो, माल कात्रीने फोडला की चांगला आणि टॉफीच्या डब्यातून उचलला की बिघडलेला.

मी शेडमध्ये गेले. चाळीस वर्षांत त्याच्या सामानाला हात लावला नव्हता. रेडिओच्या मागे पत्र्याचा डबा होता. आत पातळ पातं, इंजेक्शनची सुई, कापसाचा बोळा, बाजारातली पिवळ्या रसाची बाटली. आणि माझ्या कांडीसारखीच एक कांडी.

तो पाच वाजता आला. डबा मी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. त्याने कोट काढला नाही. तसाच बसला.

मी म्हटलं, बोल.

तो हळूहळू बोलला. रुग्णालयातून आल्यावर चार महिने टिकला होता. मग धक्क्यावर एकाने दिली, एकच. नंतर रोज सकाळचं ते फिरणं तेवढ्यासाठीच होतं; माझ्याच धुराच्या वासात त्याचा वास लपायचा. दीड वर्ष. मी जानेवारीत कुप्या आणल्या तेव्हा त्याने माझी एक ओढून पाहिली आणि त्या दिवसापासून सिगारेटची आठवण येईना. मग तो नवी स्वतःला घ्यायचा आणि आपली संपलेली भरून माझ्या डब्यात ठेवायचा.

"तू स्वतःची का नाही घेतलीस? दुकान काय बंद होतं?"

"विकत घेतली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं. तुझ्यातली एक घेतली की वाटायचं, ही काय, एकच." मग म्हणाला, "बेथ सगळ्यांना सांगते, माझ्या बाबांसारखा कणखर माणूस नाही. ते ऐकायला मला आवडायचं, गेनर. त्या झटक्यानंतर लोक माझ्याशी आजाऱ्यासारखं बोलायचे. ती एकच गोष्ट होती जिच्याबद्दल कुणी शाबासकी द्यायचं."

"आणि त्या बाईच्या काचेवर लिहिलं तेव्हा?"

"तेव्हा सांगायला हवं होतं. बादली घेऊन गेलो, कारण तोंड घेऊन जाता येईना."

मी ओरडले नाही. ओरडेन असं वाटलं होतं. मला सारखं हेच आठवत होतं की जानेवारीत मी सिगारेट मागायला तोंड उघडून दूध घेऊन आले, आणि ते घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर एका दिवसात सोडणारा बसला होता. दोन वर्षं मी स्वतःला ज्या मापाने मोजत होते, ते मापच खोटं होतं.

त्याला म्हटलं, आज माझ्याशी बोलू नकोस.

मंगळवार, १४ मार्च

शाळा सुटल्यावर हालिनाकडे गेले. काच स्वच्छ होती, पण कडेला लाल रेघ राहिलीय. दुकानात कुणी नव्हतं.

मी सगळं सांगितलं. क्लिफचं नावही घेतलं. नाव लपवून माफी मागावी असं वाटेत ठरवलं होतं, पण दारात शिरल्यावर ते फार लबाडीचं वाटलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं पहिलं लिहिलेलं किती लोकांनी वाचलं?"

मी म्हटलं, बऱ्याच जणांनी.

"दुसरं तितके लोक वाचणार नाहीत."

"नाही वाचणार."

"तरी लिहा." तिने काउंटरवरची धूळ हाताने पुसली. "तुमचा मला राग आहे. आज तो जाणार नाही. ओरखडे मी तुम्हाला दाखवले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलंत."

गिऱ्हाइकं निम्म्याने कमी झालीत, आता चारच दिवस दुकान उघडते, असं तिने शेवटी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, बाहेरच्या पाटीवर वेळ बदललीय एवढ्याचसाठी.

घरी येऊन लिहिलं. 'मी चुकले. कुप्या माझ्या घरात उचकटल्या गेल्या. हालिनाबाईंनी मला खरं सांगितलं होतं आणि मी त्यांना लबाड म्हटलं.' नर्सला वही दाखवायची होती, ते राहून गेलं.

गुरुवार, १६ मार्च

एकोणीस उत्तरं. त्यातली सहा माझी टिंगल करणारी. ठीक आहे. त्या बस ड्रायव्हरने मात्र लिहिलं, मी शनिवारी हालिनाबाईंच्या दुकानात जाईन.

शनिवार, १८ मार्च

क्लिफ स्वतःहून म्हणाला, चल. मी त्याच्या मागे चार पावलं ठेवून चालले. बरोबर चालायचं मन होत नव्हतं.

दुकानात तिघं जण होती. क्लिफने टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की गेनरच्या कुप्या मीच बिघडवल्या, ह्या बाईंचा त्यात काही दोष नाही. टोपी हातात धरून त्याने वाक्य पुरं केलं.

हालिनाने ड्रॉवरमधून कागद काढला. नवं गिऱ्हाईक आलं की ती भरून घेते तो.

"दिवसाला किती ओढत होतात?"

"आठ-दहा."

ती पेन धरून थांबली.

"पंधरा," क्लिफ म्हणाला. "कधी वीस."

तिने वीस लिहिलं. मग त्याला कुपी लावायला शिकवली, मला शिकवली होती तशीच, सावकाश, एकही शब्द गोड न करता.

मी तिच्याकडून पुन्हा माझं पाकीट घेतलं. चांदीचा कागद फाडायला तिने मला एक बोथट लहान चिमटा दिला. सुजलेल्या बोटांना तो चांगला जमतो.

रविवार, १९ मार्च

आज मार्चमधला मातृदिन. बेथची डॅफोडिलची फुलं कालच आली. दुपारी तिचा फोन येणार होता, आणि क्लिफने सकाळपासून दोनदा विचारलं, आधी मी बोलू का? मी म्हटलं, बोल.

तो स्वयंपाकघरात उभा राहून बोलला. मी हॉलमध्ये होते, दार उघडं होतं. त्याने काही गाळलं नाही. धक्का, दीड वर्ष, माझा डबा, हालिनाची काच. नंतर बराच वेळ तो नुसता ऐकत होता. एकदा म्हणाला, "हो, माहीत आहे." एकदा म्हणाला, "नाही बाळा, तू काही चुकीचं केलं नाहीस. तू मला वर चढवलंस, खाली मीच उतरलो नाही." मग बाहेर आला, फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या अंगणात निघून गेला.

बेथ रडत होती हे कळत होतं. मला वाटलं, बाबांबद्दल विचारेल, किंवा मला आधी का कळलं नाही असं.

ती म्हणाली, "आई, तुला फार जड गेलं का गं?"

सिगारेट सोडणं मला कसं जातंय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नर्सनेही नाही. ती विचारते, किती दिवस झाले. मी सोफ्यावर बसले.

"हो," मी म्हटलं. "अजून जातंय."

"सांग ना," ती म्हणाली. "मला घाई नाही."

मग मी तिला सांगायला लागले.